'इनॅमल परत उगवून देतो' म्हणून 50,290 रुपयांना घातलेला गंडा

आधीच सांगते, मी अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर लोकांची बिलंच बघते, त्यामुळे माझा संताप जरा जास्त आहे. घरात सहा ते दहा वर्षांचं मूल असेल तर वाचा, नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना पाठवा.

मुलगी आठ वर्षांची. मागच्या पक्क्या दाढांवर पिवळे-तपकिरी डाग, समोरच्या एका दातावर पांढरा ठिपका. गार पाणी लागलं की कळवळायची, त्या बाजूला ब्रश नेऊच द्यायची नाही. सासूबाई म्हणायच्या चॉकलेटं, शेजारच्या काकू म्हणायच्या कॅल्शियम कमी, आणि मला आतून वाटत राहायचं की आपणच कुठंतरी कमी पडलो. असल्या लोकांना आईचा हाच चेहरा बरोबर ओळखता येतो.

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये फ्री डेंटल कॅम्प लागला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, तोंडात कॅमेरा, मोठ्या स्क्रीनवर दात असा दाखवायचा की पालकांनी घाबरलंच पाहिजे, मग 'आजच बुक केलंत तर'. आमच्या वाट्याला आलं 'लेझर इनॅमल रीग्रोथ', सहा सिटिंग. दाताचं वरचं कवच म्हणे परत तयार होणार, आणि नाही केलं तर बाराव्या वर्षापर्यंत चारही दाढा जाणार. 65,000 चं पॅकेज 46,800 ला. 7,800 तिथेच घेतले, राहिलेल्या 39,000 चं फायनान्स कंपनीचं लोन, 6,500 प्रमाणे सहा हप्ते, 'नो कॉस्ट' म्हणत म्हणत 590 प्रोसेसिंग फी, वर 'रिपेअर पेस्ट'च्या दोन ट्यूब 1,450 ला एक, म्हणजे 2,900. झाले 50,290.

आता ते बिल. त्यावर लिहिलेलं 'कॉस्मेटिक स्माइल पॅकेज' आणि खाली 18 टक्के जीएसटी, 46,800 मध्येच धरलेला, 7,138.98 रुपये. अहो, डॉक्टरांच्या उपचारावर जीएसटी नसतो, कॉस्मेटिकवर लागतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन! आणि मी विचारलं सुद्धा. ती काउन्सेलर (डॉक्टर नाही, काउन्सेलर) गोड हसून म्हणाली, "ताई, सिस्टिममध्ये सगळ्यांचं तसंच येतं हो, ट्रीटमेंट तीच आहे." पोरगी खुर्चीत आ वासून रडतेय, मागे लाईन लागलेली, नवरा ओटीपी वाचून दाखवतोय, अशा वेळी कोण बिलावरून भांडत बसतं ते मला सांगा. पण तो आकडा डोळ्यांसमोरून जात नाही. 7,138.98. त्यांनी स्वतःच कागदावर लिहून दिलं होतं की आम्ही उपचार करत नाहीयोत, आणि मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सिटिंगमध्ये काय केलं, तर पॉलिश, वर पांढरा लेप, त्यावर निळा लाईट. निळा लाईट म्हणजे लेझर नव्हे, फिलिंग कडक करायला कुठल्याही डेंटिस्टकडे असतो तो, हे मला नंतर कळलं. डाग झाकले गेले, आम्ही खूश, फोटोबिटो काढले. मग एक दिवस चपाती खाताना उजव्या दाढेचा कोपरा लेपासकट तुटून हातात आला. क्लिनिकचं उत्तर, "घरी ट्यूब नीट लावली नसेल, अजून एक पॅकेज घ्या."

तेव्हा शेवटी मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, एमडीएस केलेले पेडोडॉन्टिस्ट. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, एमआयएच, म्हणजे मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन. ह्या दाढांचं इनॅमल जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंत बनत असतं, त्या काळात काही बिघडलं की ते कच्चं राहतं. नक्की एकच कारण कोणाला सांगता येत नाही, लहानपणीची आजारपणं असू शकतात, थोडं आनुवंशिकही. चॉकलेटनं हे होत नाही, सासूबाई. आणि मुख्य म्हणजे इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे ते परत उगवत नाही, लेझरनं नाही, पेस्टनं नाही, कशानंच नाही. फ्लोराइड वार्निशनं ठणका कमी होतो, सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा लेप) किंवा फिलिंग करता येतं, फारच ठिसूळ असेल तर स्टीलची कॅप. आमच्या दोन दाढांना कॅप बसल्या, एकीचे 3,500. पांढऱ्या ठिपक्याला ते म्हणाले आत्ता हात लावायची घाई नाही.

मग सुरू झाली आमची वरात. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, डॉक्टरवर असा गुन्हा घेता येत नाही, 2005 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आधी तज्ज्ञांचा अहवाल आणा. मी म्हटलं तो निष्काळजीपणासाठी, माझी तक्रार फसवणुकीची आहे, पूर्वीचं 420, आता न्याय संहितेचं 318. तर म्हणे, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" अहवालासाठी सरकारी दवाखान्यात गेलो तर पोलिसांचं पत्र आणा, पोलिसांकडे गेलो तर पत्र देता येत नाही, हे सिव्हिल मॅटर. ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी तक्रार क्लिनिकलाच पाठवली, क्लिनिकनं 'सेवा पूर्ण दिली' लिहिलं, तक्रार बंद! माझी सही नाही, फोन नाही, काही नाही. फायनान्स कंपनी म्हणते पैसे क्लिनिकला गेले, तुमचं त्यांच्याशी बघा, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात आम्ही फक्त हॉल दिला. भाडं किती घेतलं विचारलं तर गप्प. आणि ह्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं ते बिल बघून हेच ऐकवलं की मॅडम, इथे कॉस्मेटिक लिहिलंय, तुम्ही हौसेनं केलंत. आठ वर्षांच्या पोरीच्या दाढेची कसली हौस हो?

सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ पक्की असते, तिच्या जागी कुठला दुधाचा दात पडत नाही म्हणून आपल्याला ती दुधाचीच वाटते. ती आली की लगेच दाखवा, कॅम्पमध्ये नाही, दवाखान्यात. डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, द्यायला का-कू केली तर उठा. लोन क्लिनिकच्या टॅबवर कधीच करू नका, केलंच असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट (लोनच्या खर्चाचा आणि अटींचा कागद) काढा, कूलिंग-ऑफची, म्हणजे दंड न भरता लोन रद्द करायची मुदत त्यात असते, आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्या 'रिपेअर पेस्ट'मध्ये दुधाचं प्रोटीन असू शकतं, दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला अजिबात लावू नका, आमच्या ट्यूबवर तर लेबलावरच क्लिनिकचा स्टिकर होता. डेंटल कॉलेजात मुलांचा वेगळा विभाग असतो, खर्च खूप कमी, मला आधी कोणी बोललं असतं तर! ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. आम्ही केली आहे, तारीख पडलीय.

आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट रोजच्या रोज काढा. त्या काउन्सेलरनं पहिल्याच दिवशी चॅटला डिसअपिअरिंग मेसेज (ठरावीक काळानं आपोआप पुसले जाणारे) लावून ठेवले होते, '100 टक्के नवीन इनॅमल, ताई' हा तिचा मेसेज आता माझ्याकडे नाही.