स्ट्राइप केलेल्या डिस्क नव्या मशीनला लावल्या: एमडीॲडमचा रिव्ह्यू

लिनक्सवर सॉफ्टवेअर रेडसाठी (म्हणजे वेगळं कार्ड न लावता अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क, म्हणजे ॲरे, बनवायला) जे एमडीॲडम हे टूल वापरतात त्याबद्दल लोक लिहितात ते बहुतेक ॲरे बनवायच्या वेळचं, स्पीड किती आला वगैरे. माझ्या मते त्या टूलची खरी परीक्षा जुना मदरबोर्ड राम म्हणतो आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावाव्या लागतात तेव्हा. माझा चार डिस्कचा रेड झिरो होता (डेटा तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटलेला, यालाच स्ट्राइप म्हणतात), एडिटिंगचं फुटेज टाकायला, तो अख्खा हलवला. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे येईलच.

सगळ्यात भारी काय तर कुठली केबल कुठल्या पोर्टला होती हे लिहून ठेवायची गरजच नाही. ॲरेची सगळी माहिती बोर्डावर नसून डिस्कवरच असते, प्रत्येक डिस्कवर एक सुपरब्लॉक म्हणजे माहितीचा छोटा कप्पा, त्यात ॲरेचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), चंक साइज (डेटाचा एकेक तुकडा केवढा) आणि ही डिस्क कितवी ते. लिनक्स डिस्कला जी नावं देतं त्यात जुन्या मशीनवर जी एसडीबी होती ती इथे एसडीडी झाली, झाली तर झाली. एमडीॲडमची एक्झामिन कमांड मारायची, प्रत्येक डिस्कसाठी 'डिव्हाइस रोल : ॲक्टिव्ह डिव्हाइस २' अशी ओळ येते, चौघींचा यूयूआयडी एकच आणि ० ते ३ सगळे नंबर हजर असले की निम्मी चिंता तिथेच मिटते. मग असेंबल स्कॅन, म्हणजे डिस्क शोधून जुना ॲरे पुन्हा जोडणारी कमांड, आणि एंटर दाबून हात कीबोर्डवरून उचलायच्या आत ॲरे चालू. एखादी डिस्क नीट बसली नसेल तर तोंडावर सांगतं की तीनच ड्राइव्ह मिळाले, सुरू करता येत नाही. रेड झिरोमध्ये ते बरोबरच आहे म्हणा, एक गेली की सगळंच गेलं, म्हणून हलवायच्या आधी बॅकअप घ्या, त्यात वाद नाही.

बोर्डाच्या बायोसमधला (मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममधला) रेड वापरणाऱ्यांचे मात्र हाल होतात, कारण तो फॉर्मॅट ज्या कंपनीचा तिच्याच बोर्डाला धड कळतो. इंटेलचा फॉर्मॅट एमडीॲडमला वाचता येतो ही मेहेरबानी. आपला साधा लिनक्सवाला ॲरे असेल तर नव्या बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय (डिस्क सुट्या दाखवणारा साधा मोड) ठेवा आणि तिथला रेडचा मेनू उघडूच नका.

एक खरंच वाईट सापळा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पार्टिशन न करता अख्खी डिस्कच ॲरेला दिली असेल आणि त्या डिस्कवर पूर्वी कधी जीपीटी टेबल (पार्टिशनची यादी) असेल तर त्याची बॅकअप कॉपी डिस्कच्या शेवटी तशीच पडून असते. काही बोर्डांचं फर्मवेअर अतिशहाणं, बूट होताना ते बघतं की पुढचं टेबल नाही, मागचं आहे, चला दुरुस्त करून टाकू. आणि १.२ व्हर्जनचा सुपरब्लॉक बसतो डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर, म्हणजे नेमका त्या टेबलच्या जागेत! डेटा जागेवर, पण डिस्कची ओळखच पुसली. यात एमडीॲडमचा दोष नाही, पण पार्टिशन करून ॲरे बनवा एवढं मॅन्युअलमध्ये ठळक लिहायला काय हरकत होती.

मॅन्युअल हीच खरी तक्रार, तिथेच स्टार गेला. माहिती सगळी आहे पण घाबरलेल्या माणसाला सापडेल अशी नाही, मग तो नेटवर शोधतो आणि कोणीतरी सांगतं क्रिएट मार, म्हणजे नवा ॲरे बनवायची कमांड. नका मारू! टूल विचारतं की ही डिस्क आधीच एका ॲरेमध्ये आहे, तरी बनवू का, आणि लोक बिनधास्त वाय दाबतात. पूर्वी डिफॉल्ट चंक ६४ केबी होता, आता ५१२ आहे, म्हणजे जुना ॲरे डिफॉल्टवर नव्याने क्रिएट केला की फुटेजची खिचडी. हलवायला फक्त असेंबल.

असेंबल झाल्यावर नाव एमडी० ऐवजी एमडी१२७ दिसलं तर दचकू नका. सुपरब्लॉकमध्ये जुन्या मशीनचं होस्टनेम असतं, ते जुळत नाही म्हणून हा ॲरे परका ठरतो, बाकी काही बिघडलेलं नसतं. कॉन्फिग फाइलमध्ये यूयूआयडीची ओळ टाका, डेबियन-उबुंटूवर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी सिस्टिम) अपडेट करा (हे विसरलं की रीबूटनंतर पुन्हा १२७), एफएसटॅबमध्येही (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) नावाऐवजी यूयूआयडीच द्या, पण तिथे ॲरेचा नाही, त्यावरच्या फाइलसिस्टिमचा, नाव काहीही होऊ दे.

वेगवेगळ्या साइजच्या डिस्क असतील तर अजून एक. २०१४ च्या ३.१४ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यामध्ये) अशा रेड झिरोची मांडणी नकळत बदलली, आणि ते लक्षात आलं थेट २०१९ मध्ये. त्यामुळे ५.४ पासूनचा कर्नल असा जुना ॲरे सुरू करायलाच नकार देतो, जोपर्यंत तुम्ही डिफॉल्ट लेआउट या कर्नल सेटिंगमधून कुठली मांडणी ते सांगत नाही, ३.१४ च्या आधी बनवलेला असेल तर १, नंतरचा असेल तर २. एरर बघून वाटतं डिस्क मेल्या, पण तो नकार तुमच्याच भल्याचा आहे, चुकीच्या मांडणीने माउंट होऊन त्यावर लिहिलं गेलं असतं तर काय झालं असतं. एमडीॲडम ४.२ पासून ही मांडणी सुपरब्लॉकमध्येच कायमची लिहिता येते, म्हणजे पुढच्या मशीनला हा प्रश्न येणार नाही. माझ्या चारही डिस्क एकाच साइजच्या, त्यामुळे मी या भानगडीतून सुटलो.