आर्सेनलचा डिफेन्स घ्यायचा की लिव्हरपूलचा? टीम लॉक करायच्या आधी

(हे २०२५-२६ सीझन चालू व्हायच्या आधी, ऑगस्ट २०२५ मधे लिहिलंय.) १५ ऑगस्टला लिव्हरपूल-बोर्नमथ मॅचने प्रीमियर लीगचा सीझन चालू होतोय आणि फॅन्टसीत, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवून त्यांच्या खेळावर पॉइंट मिळवायच्या गेममधे, सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय. सालाह ठरलेला, एखादा महागडा स्ट्रायकर ठरलेला, पण मागे पैसे घालायचे तर कुणावर? सिटी आणि चेल्सी मी आधीच बाजूला ठेवलेत. सिटीत आज कोण खेळेल आणि उद्या कोण बाकावर बसेल हे त्यांचा कोच पेपच सांगू शकतो, आणि चेल्सीचा कोलविल गुडघ्यामुळे बाहेर गेल्यावर तिथे मागे कोण उभं राहणार ते अजून स्थिर झालेलं नाही. म्हणजे राहिले दोनच.

आधी गेल्या सीझनचा आकडा बघू, कारण सगळे तोच तोंडावर फेकतात. २०२४-२५ मधे आर्सेनलने ३४ गोल खाल्ले, लीगमधे सगळ्यात कमी. लिव्हरपूलने ४१. सात गोलचा फरक, विषय संपला, आर्सेनल घ्या, असं वाटतं ना? पण लिव्हरपूलने टायटल पक्कं केलं ते ३४ मॅचमधे, स्पर्सला ५-१ हरवून, आणि तोपर्यंत त्यांनी फक्त ३२ गोल खाल्ले होते. उरलेल्या चार मॅचमधे ९ खाल्ले, चेल्सीकडून तीन, ब्राइटनकडून तीन, कारण तेव्हा अर्धी टीम मनाने सुट्टीवर गेली होती. त्या चार मॅचवरून डिफेन्स जोखायचा तर मग कशालाच अर्थ नाही.

आता आर्सेनलचं पण तसंच करून बघा. १ एप्रिलला फुलहॅमविरुद्ध गॅब्रिएलची हॅमस्ट्रिंग गेली, ऑपरेशन झालं, सीझन खलास. ती त्यांची तिसावी मॅच, आणि तोपर्यंत २५ गोल खाल्लेले. नंतरच्या आठ मॅचमधे ९, आणि क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेली मॅच) फक्त दोन, इप्सविच आणि न्यूकॅसल. बाकी एव्हर्टन एक, ब्रेंटफर्ड एक, पॅलेस दोन, बोर्नमथ दोन, लिव्हरपूल दोन, अगदी खाली घसरलेल्या साउथहॅम्प्टनने पण एक मारला. चॅम्पियन्स लीगमधेही लक्ष अडकलं होतं हे मान्य, तरी दोन्ही पाट्या नीट लावल्या की चित्र असं दिसतं की गॅब्रिएल असलेला आर्सेनल लिव्हरपूलपेक्षा थोडासाच वरचढ होता आणि गॅब्रिएल नसलेला आर्सेनल साधी टीम होती. सात गोलच्या फरकाची जी हवा आहे ती त्यामुळे बऱ्यापैकी निघून जाते.

मग निर्णय कशावर घ्यायचा? माझ्या मते उन्हाळ्यात कुणी काय बदललं यावर, कारण डिफेन्स ही सवयीची गोष्ट आहे. कोण पुढे जाणार, कोण मागे थांबणार, कुणाच्या पाठीमागे कोण धावणार हे ज्यांना न बोलता कळतं ते कमी गोल खातात.

लिव्हरपूलने तर मागची अख्खी मांडणीच हलवलीय. ट्रेंट रियालला गेला, क्वॉन्सा लेव्हरकुझनला, केलेहर ब्रेंटफर्डला. आले कोण तर उजवीकडे फ्रिम्पाँग आणि डावीकडे बोर्नमथहून चाळीस मिलियनचा केर्केझ. दोघेही वेगवान, दोघेही पुढे पळणारे. फ्रिम्पाँग तर लेव्हरकुझनला विंगबॅक होता, त्याच्यामागे तीन सेंटर बॅक असायचे, इथे दोन. ट्रेंटवर लोक बचावावरून टीका करायचे ती खरीच होती, पण त्याच्या मागची जागा भरायची सवय कोनातेला आणि मिडफिल्डला वर्षानुवर्षं झाली होती, ती नव्याने लावावी लागणार आणि ती पण दोन्ही बाजूंना एकदम. त्यात मधे विर्ट्झ आलाय, म्हणजे मिडफिल्डमधे अजून एक माणूस ज्याचं लक्ष गोलकडे असतं. अटॅक भन्नाट होणार यात वादच नाही. पण या सगळ्याचं बिल व्हॅन डाइक आणि कोनातेच्या नावावर फाटणार.

सीझनच्या आधीच्या कम्युनिटी शील्ड मॅचमधे ट्रेलर दिसलाच. पॅलेसविरुद्ध २-२, मग पेनल्टीवर हरले. दोनदा लीड घेतली आणि दोनदा घालवली. पहिला गोल मातेताचा पेनल्टीवर, पॅलेसचा सार आत घुसला आणि व्हॅन डाइकनेच त्याला पाडलं. दुसरा सारनेच मारला, वॉर्टनचा पास बचावाच्या मागे पडला आणि हा पळाला, कोणीच जवळ नाही. प्री-सीझनमधे मिलानने हाँगकाँगला चार टाकले होते तेव्हा म्हटलं जाऊ दे, उकाडा, प्रवास, पाय जड झालेले, पण शील्डमधे तेच परत दिसलं, मागच्या मोकळ्या जागेत बॉल टाकला की धावपळ. ग्राव्हेनबर्ख नव्हता हे खरं, आणि तो असला की मधली जागा बरीच भरते. पण बोर्नमथविरुद्धही तो नाहीये, गेल्या सीझनच्या शेवटच्या मॅचमधलं रेड कार्ड अजून भोगायचं बाकी आहे. सेमेन्यो आणि एव्हानिल्सन समोर असताना तो नसणं मला अजिबात आवडलेलं नाही. बोर्नमथचा डिफेन्स विकला गेलाय म्हणून सगळे खूश आहेत, हुइसेन गेला, केर्केझ गेला, झाबार्नी गेला, पण त्यामुळे लिव्हरपूलचे गोल वाढतील, क्लीन शीट कशी वाढेल? त्यांचा अटॅक जागेवरच आहे.

आर्सेनलकडे बघा तर मागे कंटाळा यावा इतकं सगळं तेच आहे, आणि इथे कंटाळा चांगला. राया, सलिबा, गॅब्रिएल, टिंबर, व्हाइट, कालाफियोरी, लुइस-स्केली. गॅब्रिएलने २०२९ पर्यंतचा करार केला. व्हॅलेन्सियाहून मोस्केरा आणलाय, म्हणजे एप्रिलसारखी वेळ परत आली तर निदान एक खरा सेंटर बॅक बाकावर आहे. मिडफिल्डमधे थॉमस पार्टी गेला आणि झुबिमेंडी आला, जागा सोडून न भटकणारा माणूस, राइसला पुढे जायचं असेल तर मागे हा उभा. मला विचाराल तर हा ट्रान्सफर आर्सेनलच्या डिफेन्ससाठी कुठल्याही डिफेंडरपेक्षा मोठा आहे. सेट पीसचं (कॉर्नर, फ्री किक) तर सांगायलाच नको, त्यांचा सेट पीस कोच निकोलस जोवर याच्या कॉर्नर्सवर सगळे गोलच मोजतात, पण उलट्या बाजूनेही तेच, त्यांच्या बॉक्समधे उंच बॉल टाकून फार काही हाती लागत नाही.

प्री-सीझनमधे तेही काही भिंत वाटले नाहीत हे पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. स्पर्सकडून १-० हरले, तो स्पर्सच्या पापे सारने (हा वेगळा सार) जवळजवळ मैदानाच्या मधून मारलेला, राया पुढे आलेला बघून. न्यूकॅसलला ३-२ हरवलं पण दोन खाल्ले, व्हियारियालने एमिरेट्सवर तीन मारले. मग अथलेटिक क्लबविरुद्ध ३-० आणि सगळे शांत झाले. टिंबरच्या घोट्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालंय, व्हाइट गेल्या सीझनला गुडघ्यामुळे बराच काळ बाहेर होता, कालाफियोरीचा गुडघा पण मार्चमधे गेलेला. सेंटर बॅकचं ठीक आहे पण फुलबॅक कोण खेळणार यावर मी माझा एक रुपया लावणार नाही.

आता फॅन्टसीच्या हिशोबाकडे येऊ, कारण चांगला डिफेन्स आणि पॉइंट देणारा डिफेन्स या दोन गोष्टी दर वेळी एक नसतात. क्लीन शीटला चार पॉइंट, साठ मिनिटं खेळलेला असला तर. दर दोन गोल खाल्ले की एक कापतात. यंदा नवीन काय तर डिफेंडरने क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून दहा केले की दोन पॉइंट जास्तीचे. हा नियम ऐकून बरेच लोक मोठ्या टीम सोडून एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीसारख्यांकडे पळालेत आणि त्यात तथ्य आहे, ज्या टीमवर बॉल सतत येतो त्यांचे सेंटर बॅक हे सहज करतात. मोठ्या टीममधे बॉल आपल्याच पायात, दहा होणार कधी? फुलबॅकने तर आशाच सोडावी. व्हॅन डाइक मात्र हवेतला प्रत्येक बॉल डोक्याने बाहेर फेकत असतो, आणि वर म्हटलं तसं लिव्हरपूल मागे उघडं पडलं तर त्याचं काम अजून वाढेल. क्लीन शीट गेली तरी त्याला काहीतरी मिळत राहील असं वाटतं. सलिबा याच्या अगदी उलट, इतका नीट उभा असतो की टॅकल करायची वेळच येत नाही, बघायला सुंदर पण पॉइंटला कोरडा.

फॅन्टसीतल्या किमतीत गॅब्रिएल, सलिबा, व्हॅन डाइक, केर्केझ, फ्रिम्पाँग सगळे ६.० मिलियनला. इथेच मला गंमत वाटते. केर्केझ आणि फ्रिम्पाँगला सहा देणं म्हणजे तुम्ही डिफेंडर घेत नाही आहात, अर्धा मिडफिल्डर घेताय ज्याला क्लीन शीटचा बोनस लागू आहे. वाईट नाही! फ्रिम्पाँगने शील्डमधे गोल पण मारला, तो क्रॉस होता की शॉट हे त्यालाच माहीत. ब्रॅडली आणि गोमेझ दोघेही फिट नाहीत त्यामुळे सुरुवातीला जागा त्याचीच. पण ब्रॅडली परत आला की काय? आणि डावीकडे रॉबर्टसन अजून आहे, ३१ वर्षांचा, एवढ्यात हार मानणाऱ्यातला तो नाही. सहा देऊन सत्तराव्या मिनिटाला उतरवलेला माणूस बघायला मला आवडत नाही, तुम्हाला चालत असेल तर घ्या.

६.० ला गॅब्रिएल की सलिबा हा तर प्रश्नच नको. क्लीन शीट दोघांना सारखीच मिळणार, पण कॉर्नरला डोकं कुणाचं लागतं? गेल्या सीझनला स्पर्सच्या मैदानावर १-० जिंकले तो गोल गॅब्रिएलचा, सिटीविरुद्ध २-२ मधे एक त्याचा. हॅमस्ट्रिंगची भीती आहे, ती मलाही आहे.

गोलकीपरमधे राया आणि अ‍ॅलिसन दोघेही ५.५. गोलकीपर म्हणून अ‍ॅलिसन मोठा, त्यावर माझ्याशी भांडू नका, पण गेल्या दोन्ही सीझनला लीगमधे २८-२८ मॅचच खेळलाय, दुखापती. आता मागे मामार्दाश्विली पण बसलाय जो केलेहरसारखा निमूट बसायला आलेला नाही. राया गेल्या सीझनला ३८ च्या ३८ खेळला, १३ क्लीन शीट, फॉरेस्टच्या सेल्ससोबत गोल्डन ग्लव्ह (सगळ्यात जास्त क्लीन शीटचं बक्षीस) वाटून घेतला, त्याच्या आधीच्या सीझनला १६. आर्सेनलच्या डिफेन्समधे कोण खेळेल याची कटकटच नको असेल तर सरळ राया घ्या.

फिक्स्चर्स मात्र आर्सेनलच्या बाजूने अजिबात नाहीत आणि इथे बऱ्याच जणांचं मन फिरेल. पहिली ओल्ड ट्रॅफर्डला, जिथे युनायटेडने कुन्या, म्बेउमो, शेश्को असा अख्खा नवा अटॅक उभा केलाय. मग घरी लीड्स, मग अ‍ॅनफिल्ड, मग घरी फॉरेस्ट, घरी सिटी, आणि न्यूकॅसलला जायचं. सहामधे मनापासून क्लीन शीट धरावी अशा दोन, लीड्स आणि फॉरेस्ट. लिव्हरपूलचं बोर्नमथ घरी, न्यूकॅसलला जाऊन, घरी आर्सेनल, बर्नलीला जाऊन, घरी एव्हर्टन, मग परत पॅलेस. हे जरा बरं, न्यूकॅसलचा स्ट्रायकर इसाक खेळणार की अजून रुसून बसणार त्यावर पण आहे, आणि तो रुसलाय कुणामुळे तर लिव्हरपूलमुळेच, त्याला तिकडे जायचंय. तिसऱ्या आठवड्यात ३१ ऑगस्टला हे दोघेच समोरासमोर, तेव्हा दोन्हीकडचे मिळून चार डिफेंडर ठेवून बसलात तर एकाच मॅचमधे सगळे आपटू शकतात.

तर मी काय करतोय? गॅब्रिएल पहिल्या दिवसापासून. युनायटेडविरुद्ध गोल खाल्ला तरी चालेल, पुढच्या आठवड्यात लीड्स घरी आहे आणि त्याला नंतर आणायला बाकी टीम मोडावी लागते. राया की ४.५ चा स्वस्त कीपर हे अजून हलतंय, बहुतेक स्वस्त, कारण त्या एका मिलियनमधे मिडफिल्ड सुधारतं. लिव्हरपूलकडून डिफेंडर घ्यायचाच तर व्हॅन डाइक, ३४ वर्षांचा झाला असला तरी दर आठवड्याला नव्वद मिनिटं नक्की आणि नवीन नियमाचा फायदा वेगळा. दोघांचे मिळून बारा जातात, ते जड वाटत असतील तर मी व्हॅन डाइक गाळेन, गॅब्रिएल नाही. आणि लिव्हरपूलच्या तीन जागा अशाही पटकन भरतात, सालाह, विर्ट्झ किंवा एकिटिके, मग डिफेंडरला एकच उरते.

केर्केझ-फ्रिम्पाँगचा मोह होत असेल तर बोर्नमथ आणि न्यूकॅसल या दोन मॅच होऊ द्या. त्यात एवढंच बघा की दोघे एकाच वेळी पुढे जातात का, आणि गेले की मागे तिसरा माणूस कोण थांबतो. ग्राव्हेनबर्ख परत येऊन तिथे उभा राहायला लागला तर तुमची एक फ्री ट्रान्सफर (पॉइंट न कापता खेळाडू बदलणं) तिथे टाका, तोपर्यंत नाही.

ज्याला फॅन्टसीशी घेणं नाही आणि फक्त मे महिन्यात सीझन संपेल तेव्हा सगळ्यात कमी गोल कोणी खाल्ले असतील यावर मित्राशी पैज लावायचीय, त्याने आर्सेनलवर लावावी, गॅब्रिएल-सलिबा तीसएक मॅच एकत्र खेळले तर. लिव्हरपूल पॅलेसच्या सेंटर बॅक गेहीला आणणार अशी चर्चा आहे, तो खरंच आला तर पैजेची रक्कम थोडी कमी करा.