सिझरच्या वेळची पाठीतली सुई आणि माझी कंबर : नऊ महिन्यांनंतर

सिझरला नऊ महिने झाले. "पाठीत सुई घेतलीस ना, आता कंबर जन्मभर धरणार," हे तेव्हापासून भेटायला आलेल्या बहुतेक सगळ्यांनी ऐकवलं.

सुईचा अनुभव आधी सांगते. टेबलावर बसवून पाठ बाकदार करायला लावली, आधी कातडी बधिर केली आणि मग ती सुई. पाच मिनिटांत पाय गरम, जड. बाळाचं पहिलं रडणं मी शुद्धीत ऐकलं, तेवढ्यासाठी पुन्हाही हीच भूल घेईन. टोचलेली जागा चार-पाच दिवस दाबली की दुखायची, मग थांबली.

खरी कंबरदुखी महिन्याभराने सुरू झाली. लंगोट बदलायला वाकलं की कळ यायची. कायमचंच आहे तर डॉक्टर काय करणार, असं धरून मी शेक-मालिश करत चार महिने काढले. त्याचं आजही वाईट वाटतं.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने विचारलं, "नेमकं कुठे दुखतं? बोट ठेवा." माझं बोट उजव्या कुल्ल्याच्या वर, खळीपाशी गेलं. सुई टोचली होती पाठीच्या मधोमध, त्याहून वर. गरोदरपणात दुखायचं का, असं तिने विचारलं तेव्हा आठवलं, सातव्या महिन्यापासूनच दुखत होतं! कारणं निघाली ती ही : गरोदरपणात सैलावलेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि वर दिवसातून दहा वेळा पाजताना पोक काढून बसणं.

भूलतज्ज्ञांनाही भेटले. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. बाळंतपणाच्या कळा कमी करायला पाठीतूनच एपिड्युरल नावाची भूल घेतात, तिची सुई याहून बरीच जाड, तरी ती घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या दीर्घकाळच्या कंबरदुखीत अभ्यासांना फरक दिसलेला नाही. मात्र पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं किंवा तापासोबत पाठ ठणकणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे त्यांनी बजावलं.

चार महिने व्यायाम करतेय, पाजताना मांडीवर उशी घेते. कळ गेली. फार वेळ बसलं की अवघडते, एवढंच उरलंय. माझ्या जावेची नॉर्मल डिलिव्हरी, पाठीत सुई नाही, तरी कंबर अगदी माझ्यासारखीच दुखते. गेल्या सोमवारपासून तीही माझ्याबरोबर व्यायामाला येते.