पिविगो दोन वर्षं वापरल्यावर: स्वतःच्या वेबसाइटवर घरचे फोटो लावायचे तर काय घ्यावं

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे नट-बोल्ट-पाइपवालं हार्डवेअर, तरी महिन्यातनं एकजण प्रिंटर काखोटीला मारून दुरुस्तीला येतोच. पिविगो म्हणजे आपल्याच वेबसाइटवर फोटोंचे अल्बम लावायचं सॉफ्टवेअर. त्यामुळं त्याच्याबद्दल खाली जे लिहिलंय ते एका गिऱ्हाइकानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितल्यासारखं समजा.

फोटोंचा नाद लागला तो २०१९ च्या महापुरानं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेलं आणि शाहूपुरीतल्या जुन्या घरात थोरल्या चुलत्यांचे, म्हणजे आबांचे, सगळे अल्बम कपाटाच्या तळच्या कप्प्यात. पाणी उतरल्यावर बघतो तर पानंच्या पानं चिकटून वीट झालेली. स्वच्छ पाण्याच्या बादलीत भिजवून एकेक फोटो सोडवला, गच्चीत दोरीला कपड्याच्या चिमट्यानं टांगला, काहींचे चेहरे पुसून गेले ते गेलेच. वाचलेले आणि निगेटिव्हवरनं काढलेले मिळून चार हजारच्या आसपास स्कॅन झाले. खासबाग मैदानातल्या कुस्त्या, जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या, गुलालात ओळखू न येणारे पाव्हणे, आणि लग्नंच लग्नं.

आता हे पाव्हण्यांना दाखवायचे कसे. सगळ्यांनी एकच सांगितलं, गूगल फोटोजवर टाक आणि लिंक पाठव. टाकले. पण १५ जीबी फुकट जागा, त्यातच जीमेल आणि ड्राइव्ह, पूर्वीचं अनलिमिटेड जून २०२१ पासनं बंद, आणि स्टोरेज सेव्हर ही जागा वाचवायची सेटिंग ठेवली तर १६ मेगापिक्सेलच्या वरचा फोटो लहान करून ठेवतात. मी स्कॅन मोठे केलेत ते काय लहान करायला? शिवाय गूगलनं स्वतःचंच आधीचं फोटोंचं सॉफ्टवेअर, पिकासा, २०१६ ला कसं गुंडाळलं ते आठवतंय की. दुसऱ्याच्या दारात माल ठेवायचा तर दार कधी बंद होईल ते त्याच्या मर्जीवर. माझं स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता होता, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची जागा होती, म्हणलं तिथंच लावू.

तर पहिला धडा आधीच्या एका सॉफ्टवेअरनं दिला, नाव घेत नाही. दिसायला झकास होतं. सहाशे फोटोंखाली मी रात्री बसून कॅप्शन लिहिले, कोण कुठं उभा आहे, कुठलं साल, सगळं. ते सगळे त्याच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे फोटोंच्या बाहेर वेगळ्या साठ्यात. होस्टवाल्यानं एक दिवस पीएचपी (असली सॉफ्टवेअरं ज्या भाषेत लिहितात आणि चालवतात ती) अपडेट केलं आणि साइट उघडली तर पांढरं पान. फोटो फोल्डरमध्ये सहीसलामत होते, पण खालचं लिखाण काढायला एका ओळखीच्या पोराला दोन दिवस पकडून बसवावं लागलं, त्यातलं अर्धं देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन आलं. तवापासनं माझा नियम एकच, सॉफ्टवेअर घेताना आत कसं शिरायचं ते नंतर बघायचं, बाहेर कसं पडायचं ते आधी.

ह्या नियमावर तिघाचौघांना तपासलं.

जेअल्बम हा जुना खेळाडू, २००२ पासनचा, स्वीडनचा. आपल्या कॉम्प्युटरवर चालतो, फोल्डर दाखवला की साधी एचटीएमएल पानं करून देतो, ती एफटीपीनं, म्हणजे फाइली सर्व्हरवर पाठवायच्या सोयीनं, चढवायची, झालं. सर्व्हरवर डेटाबेस नाही, त्यामुळं बिघडायला काय नाहीच. लायसन्स पैशाचं आहे. दीडदोनशे फोटोंची लग्नाची साइट असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन. पण मला रोज चार फोटो वाढवायचे होते आणि दर वेळी घरच्या कॉम्प्युटरवर बसून पानं परत बनवा, परत चढवा, हे दुकान सांभाळून जमत नाही.

लिची दिसायला सगळ्यात देखणं, खरंच. पण ते आता लारावेल नावाच्या पीएचपीच्या सांगाड्यावर आहे, त्याला नवीन पीएचपी लागतं आणि माझ्या स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर बरेच भाडेकरू) ते नव्हतं. इमिच आणि फोटोप्रिझम ह्यांचं पण लोक लय कौतुक करतात, चेहरे ओळखतात म्हणे, पण ती डॉकरवर, म्हणजे सर्व्हरवर वेगळ्या डब्यात, चालवायची सॉफ्टवेअरं, त्याला स्वतःचा सर्व्हर पाहिजे. लाइट गेल्यावर घरातला सर्व्हर चालू ठेवायला मी काय महावितरण आहे?

मग उरलं पिविगो. हे पण २००२ पासनचंच, फ्रान्समधलं, ओपन सोर्स, पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस असला की बास. बसवायला एकच नेटइन्स्टॉल फाइल चढवायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची, बाकीचं ते स्वतः ओढून घेतं. चहा संपायच्या आत चालू झालं. फोटो ब्राउझरमधनं ओढून टाकले की फाइलचे बारीक तुकडे करून चढवतं, त्यामुळं होस्टिंगवर पीएचपीची मुळातली २ एमबीची मर्यादा असली तरी मोठा फोटो अडकत नाही. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर होस्टवाल्याला केलेले चार फोन वाचले असते.

आवडलेली मोठी गोष्ट म्हणजे कुणाला काय दिसावं ते. प्रत्येक फोटोला पातळी असते, सगळ्यांना, ओळखीच्यांना, मित्रांना, घरच्यांना, नाहीतर फक्त ॲडमिनला. कुस्त्यांचे फोटो जगाला उघडे, बारशाचे घरच्यांनाच. मोबाइलनं काढलेले फोटो असतील तर एक लक्षात ठेवा, फोटोच्या आत जीपीएस लिहिलेलं असतं. घराचा पत्ता जगाला सांगायचा नसेल तर ते काढूनच चढवा.

आता वाईट. एफटीपीनं फोल्डर टाकून सिंक करायची, म्हणजे ते साइटवर अल्बम म्हणून ओढून घ्यायची, सोय आहे, पण फोल्डरच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश, अंडरस्कोर आणि टिंब चालतं. मी हौसेनं "खासबाग कुस्त्या" असं फोल्डर केलं, आणि ते सिंकमध्ये आलंच नाही. ब्राउझरमधनं अल्बम केला तर मराठी नाव नीट चालतं, म्हणून आता तसंच करतो.

दुसरं लय महागात पडलं. पिविगो एकेका फोटोच्या लहान, मध्यम, मोठा अशा बऱ्याच साइझ करून ठेवतं, आणि त्या बघणारा येईल तशा बनतात. चार हजार फोटो आणि प्रत्येकाच्या पाचसहा साइझ, करा हिशोब. शेअर्ड होस्टिंगला जागेचीच नाही तर फाइलींच्या संख्येची पण मर्यादा असते, तिला आयनोड म्हणतात, आणि जाहिरातीत "अनलिमिटेड" लिहिलेल्या होस्टिंगलासुद्धा ती असतेच, बारीक अक्षरात. दिवाळीत सगळे पाव्हणे एकदम साइटवर आले, फाइली फुगल्या आणि माझा दुकानाचा ईमेलच बंद पडला कारण तो पण त्याच खात्यात. ऐन दिवाळीत, ऑर्डरी येत असताना! आता नको त्या साइझ सेटिंगमधनं बंद केल्यात, चारच ठेवल्यात. तुम्ही हे पहिल्या दिवशी करा.

मुळातली थीम मोबाइलवर ठीक आहे पण मी बूटस्ट्रॅप डार्करूम टाकली, काळ्या पार्श्वभूमीवर जुने काळेपांढरे फोटो उठून दिसतात. गडहिंग्लजची आत्ती सत्तरीची, तिला पण बोटानं सरकवता येतंय.

आणि बाहेर पडायचं काय? इथं पिविगो पण पूर्ण पास नाही, कॅप्शन ते पण स्वतःच्या डेटाबेसमध्येच ठेवतं. म्हणून मी कॅप्शन पिविगोत लिहितच नाही. डिजिकॅम म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कॅप्शन आणि टॅग फोटोच्या फाइलीतच लिहायचं सेटिंग चालू केलं, तिथं लिहितो आणि मग चढवतो. पिविगो ते वाचतं, पण आयपीटीसी, म्हणजे फाइलीतच कॅप्शन-टॅग लिहायची पद्धत, वाचायचं मुळात बंद असतं, लोकल फाइल्स एडिटर नावाचं प्लगइन आहे त्यात एक ओळ टाकून चालू करावं लागतं. हे थोडं किचकट आहे, नाही म्हणत नाही, पण एकदाच. मराठीत लिहिलेलं नीट येतंय का ते आधी दोन फोटोंवर बघा, माझ्यासारखं चारशेवर नको. उद्या पिविगो बंद झालं तरी कोण कुठं उभा आहे ते फोटोतच राहील.

दोन वर्षांत खर्च होस्टिंगचा तेवढा. फोटो थोडे आणि एकदाच लावायचे असतील तर जेअल्बम, वाढते असतील तर पिविगो.

ज्यांची नावं माहीत नाहीत त्या फोटोंना मी "कोण आहे" असा टॅग लावून वेगळं काढलंय, अजून तीनशे तरी असतील. गेल्या रविवारी आत्तीचा फोन. त्यातल्या एकाला मी पिळदार मिशा बघून "अनोळखी पैलवान, खासबाग" असं लिहिलं होतं.

"अरं बाळ, ते खोड आधी. पैलवान कुठला, ह्यो तुझा आजा न्हवं का, माझा बाप! तालमीत दूध घालायला जायचा."

डिजिकॅममध्ये बदललं, परत चढवलं. मिशा तेवढ्या खऱ्या होत्या म्हणे.