साउथ बॉम्बेतला प्राइड हेरिटेज वॉक: पैसे वसूल, पण मराठीत कधी करणार?

जानेवारी म्हणजे मुंबईत प्राइडचा, म्हणजे समलैंगिक, तृतीयपंथी वगैरे लोकांच्या अभिमान सोहळ्याचा सीझन, मोठ्या प्राइड मोर्चाच्या आधी महिनाभर कुठे ना कुठे काहीतरी चालू असतं, कुठे नाटक, कुठे ओपन माइक, कुठे फ्ली मार्केट. त्यातलाच हा एक वॉक, या लोकांचा मुंबईतला इतिहास चालत चालत सांगणारा. माणशी ८०० रुपये, ऑगस्ट क्रांती मैदानापासून सुरू आणि शेवट कुलाब्यात. आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि पोरं मेहनती आहेत, उगाच कोणीतरी जाऊन त्यांना एक स्टार द्यायचं. सोबत मावशीला नेलं होतं, वय सत्तरीच्या पुढे, लहानपण सगळं गिरगावच्या चाळीत गेलेलं, तिला फक्त एवढंच टेन्शन की एवढं चालवेल का.

पहिला स्टॉप एक नंबर. ऑगस्ट क्रांती मैदान म्हटलं की १९४२ आणि चले जाव हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय, पण १६ ऑगस्ट २००८ ला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम, क्वीअर आझादी नावाने मुंबईचा प्राइड मोर्चा इथूनच निघाला आणि गिरगाव चौपाटीपर्यंत गेला हे मला माहीत नव्हतं. तेव्हा बरेच जण ओळख लपवायला मास्क लावून चालले होते, घरी किंवा ऑफिसात कळलं तर काय ही भीती. आणि मागणी काय होती तर समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम १८६० साली इंग्रजांनी आणलं, म्हणून ब्रिटिश सरकारने माफी मागावी. मावशीने लगेच विचारलं, मग मागितली का? गाइड म्हणाला २०१८ मध्ये त्यांच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी अशा कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला. मावशी म्हणाली, "दिलगीर तर आपले रेल्वेवाले पण रोज असतात." अख्खा ग्रुप हसला, गाइड पण, आणि तिथून पुढे तिला पहिल्या रांगेत प्रमोशन मिळालं.

गाइड पंचविशीतला, पाठांतर चोख. कोर्टाचा भाग मला वाटलं बोअर होणार पण त्याने तो तारखांसारखा सांगितलाच नाही. २ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून मोकळं केलं, ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, ६ सप्टेंबर २०१८ ला परत मोकळं. त्याचा प्रश्न असा होता की मधल्या चार-साडेचार वर्षांत ज्यांनी आता काय भीती म्हणून घरी सांगून टाकलं, नातेवाइकांत सांगून टाकलं, त्यांनी २०१३ च्या डिसेंबरात काय करायचं, सांगितलेलं परत कसं घ्यायचं? यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. नाशिकहून आलेल्या एका जोडप्यातला एकजण म्हणाला आमचं हेच झालं आणि मग तो पाचेक मिनिटं बोलत राहिला, गाइडने घड्याळ बघितलं नाही की त्याला थांबवलं नाही, यासाठी त्याला वेगळे मार्क.

मला सगळ्यात आवडलं ते मात्र चौपाटीकडे जाताना सावलीत थांबवून सांगितलेलं, बॉम्बे दोस्त या गे लोकांसाठीच्या मासिकाचं. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये सुरू केलेलं. त्यांनी स्वतः १९८६ मध्येच एका मासिकाच्या मुलाखतीत आपण गे आहोत हे उघड सांगितलं होतं, तेव्हा मोबाइल नाही, नेट नाही, कोणाशी बोलायचं तर पत्र हाच रस्ता. आपल्यासारखं दुसरं कोणीतरी आहे हे पोस्टमन घेऊन येणार, आणि ते पाकीट घरात दुसऱ्या कोणी फोडू नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे. मावशी म्हणाली चाळीत तर कोणाचं पत्र कुठून आलंय हे घरात पोचायच्या आधी मजल्याला कळायचं. मग चार वर्षांनी, १९९४ मध्ये, याच लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट सुरू झाला, तो आजही काम करतोय.

यानंतर बसमधून कुलाबा आणि इथे गाडी घसरली. रीगल सिनेमासमोर झेंडा घेऊन सेल्फी, मग स्पॉन्सरच्या पिशव्या, मग परत सेल्फी. आर्थर बंदर रोडवरचा वूडू पब कितीतरी वर्षं गे लोकांचा शनिवार रात्रीचा अड्डा होता, आता बंद झालाय, त्याबद्दल खरं तर तासभर ऐकलं असतं कारण शनिवारची वाट बघत आठवडा काढणारी माणसं अजून आहेत की मुंबईत, एखाद्याला बोलवायचं ना! पाच मिनिटांत उरकलं. बायकांचं तर त्याहून वाईट, स्त्री संगम ही बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांची संघटना १९९५ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिचंच लेबिया झालं, हे एका वाक्यात, तेही रस्ता क्रॉस करताना. तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख देणारा सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २०१४ चा निकाल बसच्या आवाजात अर्धा ऐकू आला, लक्ष्मी नारायण त्रिपाठी आणि गौरी सावंत ही तृतीयपंथी कार्यकर्त्यांची नावं ज्या शहरातली, त्या शहरात हा भाग बसमध्ये? माइक पण शर्टाला अडकवायचा चिमुकला, मागच्या रांगेला काही कळत नव्हतं.

आणि मुख्य तक्रार, सगळं इंग्लिशमध्ये. मावशीसाठी मी कानात ट्रान्सलेट करत होते. भाषा एकवेळ सोडा, पण मराठीतलं काहीच नाही म्हणजे काय? तेंडुलकरांचं मित्राची गोष्ट १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, बाईवर प्रेम करणारी बाई मध्यवर्ती, रोहिणी हट्टंगडी त्यात. हे मावशीने सांगितलं, गाइडला माहीतच नव्हतं. आणि साबर बोंडं, दोन पुरुषांच्या गावात फुलणाऱ्या प्रेमाची मराठी फिल्म, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला ग्रँड ज्युरी प्राइझ घेऊन आली, ती पण लिस्टमध्ये नाही. मराठी माणूस या इतिहासात फक्त बघ्या होता असं वाटून बाहेरचा माणूस घरी जाणार.

बरं एक गोष्ट शिकण्यासारखी. सुरुवातीलाच मनगटाला पट्टी देतात, लाल पट्टी म्हणजे माझा फोटो नको. सेल्फीच्या गोंधळातही कोणी लाल पट्टीवाल्यांना फ्रेममध्ये घेतलं नाही.

पाचपैकी साडेतीन, पहिल्या अर्ध्या भागाचे साडेचार आणि उरलेल्याचे अडीच. जाणार असाल तर चपला नको शूज घाला, पाणी घ्या, टॉयलेट सुरुवातीलाच उरका कारण नंतर कोणी विचारत नाही, आणि गाइडच्या अगदी जवळ उभं राहा. मराठी बॅच हवी असेल तर आठ-दहा जण जमवून मेसेज करा, तेवढे झाले तर करू असं ते म्हणालेत. मावशीने तिच्या भजनी मंडळातल्या तिघींची नावं आधीच दिलीत.