एम8 हेलिकॉइल किट, आठ महिन्यांनंतर: सगळं अडतं ते शेपटीशी

थर्मोस्टॅट हाउसिंग, अल्टरनेटरचं ब्रॅकेट, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे दोन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट). इंजिनवरच्या अॅल्युमिनियममधले गेलेले आटे आठ महिने याच किटने दुरुस्त होतायत. भोक मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात तारेची कॉइल, म्हणजे हेलिकॉइल, फिरवून बसवायची, की 8 मिमीचा (एम8) मूळ बोल्ट पुन्हा बसतो. पहिल्या महिन्यात मत एकदम चांगलं होतं. मग हाउसिंगच्या एका कोपऱ्यातून कूलंट झिरपू लागलं आणि मत फिरलं. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराला टक्क वाजणारा पाना, तर बरोबर वाजला होता.

आधी संशय कॉइलवर गेला, आणि तो चुकीचा निघाला. कॉइल जागच्या जागी घट्ट होती. तिची खालची आडवी शेपटी, म्हणजे कॉइल फिरवून बसवताना जिला धरतात आणि नंतर तोडून टाकतात तो तुकडा, मात्र तुटलीच नव्हती. बोल्टचं टोक तिच्यावर जाऊन अडलं, पाना त्या अडथळ्याला वाजला, आणि हाउसिंग गास्केटवर दाबलंच गेलं नाही. अशी दुरुस्ती वरून अगदी नीट दिसते, म्हणून ती जास्त घातक.

शेपटी का तुटत नाही? तिच्या मुळाशी खाच असते. पंच आत सरळ उभा धरून हातोडीचा एकच खटका दिला की ती तुटायला हवी. पण भोक उथळ असेल तर ती तळाला टेकते आणि खाली वाकायला जागाच उरत नाही. किटच्या कागदावर ड्रिल 8.3 मिमी एवढंच लिहिलंय. खोलीचा उल्लेखच नाही. खरं तर तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. अॅल्युमिनियमला 12 मिमी लांबीची कॉइल घ्यावी. टॅपचं, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराचं, टोक निमुळतं असतं, त्याचे पहिले चार-पाच आटे पूर्ण कापत नाहीत, म्हणजे आणखी 5-6 मिमी गेले. तेव्हा धातू पुरत असेल तर 18-19 मिमी भोक पाडायचं आणि ड्रिलला त्या खुणेवर चिकटपट्टी लावायची. धातू पुरत नसेल तर 8 मिमी लांबीची कॉइल आणि सपाट टोकाचा टॅप.

ड्रिल तिरकं जाऊ नये म्हणून हाउसिंग बाकीच्या बोल्टांवर तात्पुरतं कसून त्याच्याच भोकातून ड्रिल सोडावं. टॅपला रॉकेल द्यायचं, अर्धा फेरा पुढे, मग मागे. या टॅपचा बाहेरचा व्यास साधारण 9.6 मिमी असतो. त्याऐवजी एम10 चा टॅप चालेल असं समजू नका, कॉइल सैल बसते. बुरा अडकावा म्हणून टॅपच्या खाचांत ग्रीस भरा. कॉइल बसवण्याआधी भोक पूर्ण कोरडं करा. बंद भोकात तेल राहिलं आणि बोल्ट कसला तर कास्टिंग तडकू शकतं. कॉइलचा वरचा फेरा पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली हवा.

तुटलेला तुकडा ग्रीस लावलेल्या काडीने बाहेर काढून डोळ्यांनी बघायचा. तो हाती येईपर्यंत काम झालं असं धरू नका. आरपार भोक ऑइलच्या बाजूला उघडत असेल तर पलीकडून आधी कापड कोंबा. शेवटी गास्केट न लावता बोल्ट हाताने पूर्ण आत जातो का ते तपासा. ही एक मिनिटाची तपासणी केली असती तर ती गळती झालीच नसती.

हाउसिंगच्या त्या बोल्टचं भोक नव्याने खोल करून दुसरी कॉइल बसवल्यावर तिथे थेंब नाही. मॅनिफोल्डचे स्टड इतक्या उष्णतेतही हललेले नाहीत. ते पटण्यासारखं आहे, कारण अॅल्युमिनियममधला आटा आता आधीपेक्षा मोठ्या व्यासाचा आहे आणि बोल्ट स्टेनलेसच्या तारेवर घासतो.

किटमधलं ड्रिल तिसऱ्या भोकातच बोथट झालं, 8.3 चं चांगलं ड्रिल वेगळं घ्या. टॅप अजून धारदार आहे. स्पार्क प्लगच्या आट्यांना मात्र शेपटीची कॉइल नकोच. तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर इंजिनचं हेड उतरवायची वेळ येते. तिथे तारेऐवजी अखंड बुशच, म्हणजे आटे असलेली नळीच, बसवा.