कार्ब ट्युनिंगला दिला, परत आला तो दुसराच

सोलापुरात ज्यांच्याकडं जुनी पद्मिनी नाहीतर ॲम्बेसेडर आहे त्यांनी हे वाचाच. आमची ८४ ची पद्मिनी, १०८९ सीसी, वडिलांचा जीव तिच्यात. स्लोवर (म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता) नीट थांबत नव्हती, एवढंच दुखणं. एका मिस्त्रीला दाखवली (नाव घेत नाही) तर म्हणाला कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, म्हणजेच कार्ब) पूर्ण खोलावा लागतोय, ठेवून जावा, संध्याकाळी या. जेट, नीडल, गॅस्केट सगळं नवं म्हणून साडेचार हजार घेतले आणि बिल मागितलं तर म्हणे "आपल्यात कसलं बिल वो".

तिथं गाडी झकास चालली. चालणारच की, स्लोचा स्क्रू एवढा आवळलेला की न्यूट्रलला पण इंजिन ओरडत होतं, वर "नवीन किट हाय, सेट होईल". दुसऱ्याच दिवशी सात रस्त्याला भर उन्हात बंद पडली, मागनं हॉर्नचा नुसता गोंधळ. प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट.

मग वडिलांच्या ओळखीचे एक जुने फिटर काका आले, त्यांनी कशालाच पाना लावला नाही, फक्त कार्बमधल्या थ्रॉटलचा दांडा (स्पिंडल) धरून हलवला तर तो खुळखुळत होता. इंजिन चालू ठेवून त्या स्पिंडलपाशी क्लीनरचा फवारा मारला आणि लगेच रेस बदलली, म्हणजे तिथनं हवा ओढतंय, मग स्क्रू कितीही फिरवा, स्लो बसणारच नाही. ते झाकायला त्या मिस्त्रीनं मिक्श्चरचा स्क्रू पार बाहेर काढून पेट्रोल वाढवलं होतं.

आता मेन गोष्ट. आमच्या सोलेक्सच्या (कार्बची कंपनी) झाकणाला एक ॲलन स्क्रू (षटकोनी खाचेचा) होता, मूळचा हरवला तेव्हा वडिलांनीच बसवलेला. परत आलेल्या कार्बवर सगळे साधे स्क्रू! मिस्त्रीला जाब विचारला तर म्हणतो "तुमचाच हाय, पॉलिश केलाय म्हणून ओळखू येईना झालाय". किट कुठंही मिळतं हो, पण स्पिंडल घट्ट असलेली जुनी बॉडी मिळत नाही, चोरी तिचीच होते.

त्यामुळं कार्ब द्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, बॉडीवर पंचनं खूण करा, जेटवरचे नंबर लिहून घ्या, जुने पार्ट परत मागा. आणि टॅपेट, पॉइंट, टायमिंग (व्हॉल्व्ह आणि स्पार्कचं सेटिंग) न बघता जो डायरेक्ट कार्बला हात घालतो त्याला गाडीच देऊ नका. ट्युनिंग गरम इंजिनवर, गाडीवरच आणि तुमच्यासमोर होतं, त्याला कार्ब दुकानात ठेवून जायची गरजच काय?

कुणाला बाजारात ॲलन स्क्रूवाला सोलेक्स दिसला तर कळवा.